परत आलेला माल

दाढीचा फेस तोंडावर असताना माणसानं कुठल्याही कागदावर सही करू नये, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो. त्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभा होतो. डावा गाल झाला होता, उजवा व्हायचा होता, आणि कचेरीची वेळ मानगुटीवर बसली होती. नेमक्या अशा वेळी आमची भिंगरी दारात कागद आणि पेन घेऊन उभी राहिली. भिंगरी म्हणजे आमची कन्या, इयत्ता सहावी. शाळेच्या पटावर तिला वेगळं नाव आहे, पण ते पूर्ण उच्चारेपर्यंत ती दोन खोल्या ओलांडून गेलेली असते.

"बाबा, इथे सही. पटकन."

"काय आहे?"

"शाळेचं आहे."

शाळेचं म्हटलं की आपण सही करतो. सहल, लस, वजन-उंची, काय वाटेल ते असो. मी केली. संध्याकाळी कळलं की ती पालकांची संमती नव्हती. 'प्रकल्पाची संपूर्ण जबाबदारी घेणारी प्रौढ व्यक्ती' अशा शब्दांखाली माझं नाव होतं, आणि शेजारी फेसाचा वाळलेला ठिपका. वर्गात चौतीस मुलं. चौतिसांनी आपापल्या घरी तोच कागद नेला होता. तेहतीस घरांत सही करण्याआधी वाचायची पद्धत आहे, एवढाच याचा अर्थ.

प्रकल्प असा होता. विज्ञानाच्या बाईंनी मुलांना आठवडाभरात घरात जमलेलं सगळं प्लास्टिक वर्गात आणायला सांगितलं होतं. बाकांवर ढीग लावले, तर सगळ्यांत उंच ढीग निघाला बिस्किटांच्या वेष्टणांचा, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच कारखान्याची. हा कारखाना आमच्याच गावाच्या कडेला, कालव्यापलीकडे आहे. वारा तिकडून असला की आमच्या कचेरीत अकरा वाजताच भूक लागते.

"बाबा, कुणाची वस्तू आपल्याकडे राहिली तर आपण काय करतो?" भिंगरीनं विचारलं.

"परत देतो."

"झालं तर मग!" ती टाळी वाजवून म्हणाली, आणि मला वाटलं विषय संपला.

विषय संपला नव्हता. महिनाभर गावातली त्या कारखान्याची मिळतील तेवढी वेष्टणं गोळा करायची आणि एका पत्रासह कारखान्याला परत करायची, असं वर्गानं एकमतानं ठरवलं होतं. पत्राचा मसुदा जाड भिंगांच्या चष्म्याच्या एका मुलीनं केला होता. तिला वर्गात 'प्राध्यापिका' म्हणतात आणि ती हाकेला ओ देते. मी वीजमीटर कचेरीत आवक-जावक विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस. मसुदा तपासायला माझ्याकडे येणं ओघानंच आलं. तो असा होता:

'कारखान्याचे साहेब यांस. तुमची बिस्किटं आम्ही खाल्ली. छान होती, त्यातल्या त्यात क्रीमची. बिस्किटं संपली, पण वेष्टणं संपत नाहीत. आम्ही गेल्या वर्षी एक वेष्टण शाळेच्या बागेत पुरून आठ महिन्यांनी उकरलं. त्यावरचा ससा तसाच हसत होता. तरी तुमची वस्तू तुम्हाला परत करत आहोत. दुसरं काहीतरी शोधा. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला जमेल.'

मी वर 'विषय' आणि 'संदर्भ' घालायला सुचवलं. प्राध्यापिकेनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी कागद मुकाट्यानं परत दिला.

पहिल्या आठवड्यातच आमच्या बाल्कनीत पोती उभी राहिली. जबाबदार प्रौढ व्यक्ती मी, तेव्हा गोदामही माझंच. मुलं शाळा सुटली की थव्यानं यायची, खिशांतून, दप्तरांतून, डब्यांतून वेष्टणं काढायची, आणि एकेक वेष्टण म्हणजे जणू गड जिंकून आणल्यासारखं ओरडायची. सर्वांत मोठा आवाज भोपूचा. भोपू हा वर्गातला एक गोलमटोल मुलगा. तो कुजबुजला तरी तिसऱ्या मजल्यावर कळतं. "काका, बसथांब्यामागे बावीस सापडली, बावीस!" हे त्यानं मला सांगितलं, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या दोघांनी खिडक्या उघडून त्याचं अभिनंदन केलं.

पाचव्या दिवशी मुंग्या आल्या. मुंगी येते तेव्हा एकटी येत नाही, आणि जाते तेव्हा तर जातच नाही. पोत्यांवरून त्या आमच्या स्वयंपाकघरात आणि तिथून साखरेच्या डब्यात पोचल्या. माझी बायको रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला घरात अस्वच्छ काही दिसलं, की ती आवाज चढवत नाही; उलट फार हळू बोलते.

"प्रत्येक वेष्टण," ती फार हळू म्हणाली, "धुऊन, पुसून, वाळवून, पन्नास-पन्नासची गड्डी बांधून ठेवायचं. नाहीतर पोती राहतील किंवा मी."

मी दोन्हींची तुलना मनात केली नाही, हे मी इथे शपथेवर नमूद करतो.

मग धुणं निघालं. दोन टबांत मुलं वेष्टणं धुवत होती, प्राध्यापिका वहीत नोंद करत होती, आणि मी चिमटे लावून दोऱ्यांवर वाळत घालत होतो. बाल्कनी पुरली नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्यांची दोरी दिली, वरच्यांनी गच्चीची किल्ली दिली. रविवारी दुपारपर्यंत आमच्या इमारतीचा अख्खा दर्शनी भाग लाल-सोनेरी वेष्टणांनी झगमगत होता आणि शेकडो ससे वाऱ्यावर हसत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मुलं नुसती उड्या मारत होती. खोटं कशाला बोलू, मलाही छाती फुगल्यासारखं वाटत होतं.

ती फुगलेली छाती सोमवारी सकाळी इमारतीच्या सचिवांनी टाचणी लावून फोडली. दारावर नोटीस होती: 'इमारतीच्या दर्शनी भागावर विनापरवाना व्यापारी जाहिरात केल्याबद्दल खुलासा करावा.'

"अहो, जाहिरात नाही हो ती. कचरा आहे," मी त्यांच्या घरी जाऊन म्हणालो.

"म्हणजे तुम्ही दर्शनी भागावर कचरा टांगलात?" सचिवांनी वही उघडली. "मग ते वेगळं कलम आहे."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं. जिन्यात खालचे निवृत्त अभियंते भेटले. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस, आता बांधायला काही उरलेलं नाही, त्यामुळे ते लोकांना सल्ल्यात बांधतात. "परत कसली करता?" ते म्हणाले. "गाद्या करा. वेष्टणं कापून भरली की झाली गादी. मी स्वतः एक उशी करून झोपलो होतो."

"मग?"

"रात्रभर कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडतंय असं वाटत होतं. पण मान उत्तम राहिली."

त्यातच बातमी पसरली की मी बिस्किटांची एजन्सी घेतली आहे. दूधवाल्यानं घाऊक भाव विचारला. कचेरीत माझ्या साहेबांनी मला खोलीत बोलावून, दार लावून, नोकरीत असताना जोडधंदा करण्याबद्दलचा नियम वाचून दाखवला आणि शेवटी हळूच विचारलं, "क्रीमची मिळतील का?"

सचिवांच्या वहीतलं कलम टाळण्यासाठी पोती शाळेच्या सामानाच्या खोलीत हलवली. महिना संपला तेव्हा वेष्टणं भरली चार हजार दोनशे, म्हणजे पन्नासच्या चौऱ्याऐंशी गड्ड्या, सात पोत्यांत. प्राध्यापिकेनं आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात जो आरडाओरडा झाला, त्यानं शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी, भिंगरी, भोपू आणि प्राध्यापिका पहिलं पोतं घेऊन टपाल कचेरीत गेलो. खिडकीमागचे गृहस्थ माझ्याच जातकुळीतले निघाले, म्हणजे कानावर पेन आणि समोरच्या माणसावर अविश्वास.

"आत काय आहे?"

"रिकामी वेष्टणं."

"वेष्टणांत काय आहे?"

"काही नाही."

"मग 'काही नाही' असं लिहा."

"पण वेष्टणं आहेत ना!"

"वेष्टण हे वस्तूवर असतं. वस्तू नाही तर वेष्टण कशाचं?" त्यांनी पेन कानावरून काढलं आणि पुन्हा ठेवलं. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला नाही. एकोणीस वर्षांत मी स्वतः असा युक्तिवाद किती जणांना ऐकवलाय, आणि किती समाधानानं! पण पुढचं वाक्य मात्र मलाही झेपलं नाही. "शिवाय ओल लागू नये म्हणून एवढं मोठं पार्सल प्लास्टिकमध्ये गुंडाळून द्यावं लागेल. नियम आहे."

तिन्ही मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भोपूनं, त्याच्या मते हळू आवाजात, विचारलं, "काका, प्लास्टिक परत पाठवायला प्लास्टिक?"

सगळी टपाल कचेरी वळून बघायला लागली. गृहस्थ लाल झाले, पण नियम लाल झाला नाही. आम्ही पोतं उचलून परत आलो.

शाळेत त्याहून मोठं संकट वाट पाहत होतं. शनिवारी शाळेची तपासणी होती, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी सामानाच्या खोलीत डोकावून सात पोती पाहिली होती. त्या वाईट बाई नव्हेत, पण तपासणी म्हटली की त्या कुणाचंच ऐकत नाहीत. "शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत पोती गेली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "नाही गेली तर नगरपालिकेची कचरागाडी बोलावीन."

कचरागाडी म्हणजे टेकडीमागचा उकिरडा, आणि उकिरड्याला दर पंधरवड्याला कुणीतरी आग लावतंच. महिनाभर नाल्याकाठची, गटारातली, गवतातली वेष्टणं शोधून, धुऊन, पुसून ठेवली, ती शेवटी धूर होऊन आपल्याच नाकात जाणार, हे मुलांना सांगावं लागलं नाही. भिंगरी त्या संध्याकाळी जेवताना एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आमचं घर दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वाटतं.

"पोस्टानं जात नाही ना," मी शेवटी म्हणालो, "मग आपण नेऊन देऊ."

हे मी म्हणालो! माझ्याच तोंडून, साबण वगैरे काही लावलेला नसताना! बायकोनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. भिंगरी खुर्चीवरून जी उठली ती थेट शेजाऱ्यांच्या फोनकडे धावली, कारण आमच्या फोनवर तिच्या मते वेळ लागत होता.

शुक्रवारी सकाळी मी रजा काढली. भाजीवाल्यानं दोन हातगाड्या दिल्या, दुपारपर्यंत परत करायच्या बोलीवर. पुढे विज्ञानाच्या बाई, मधे चौतीस मुलं, दोन गाड्यांवर सात पोती, आणि सर्वांत मागे जबाबदार प्रौढ व्यक्ती. कारखाना तीन किलोमीटर. मुलांनी घोषणाही तयार केल्या होत्या. "तुमचं तुम्हाला, घ्या आपल्याला!" ही व्याकरणात बसत नाही असं मी म्हणालो, पण भोपूनं ती दिली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना ती पाठ झाली. काही दुकानदार बाहेर येऊन आपल्याकडची वेष्टणं द्यायला लागले. प्राध्यापिकेनं ती घ्यायला ठाम नकार दिला. "आकडा ठरलाय," ती म्हणाली. या मुलीला मी उद्या आमच्या कचेरीत घेईन.

मोठ्या चौकात घात झाला. दुसऱ्या गाडीचं चाक खड्ड्यात आदळलं, वरचं पोतं घसरलं आणि उसवलं. त्यातल्या गड्ड्या भोपूनं बांधल्या होत्या. भोपूचा आवाज पक्का, पण गाठी कच्च्या. त्याच क्षणी कालव्याकडून वारा सुटला, आणि सहाशे ससे चौकभर उडाले. मोटारींच्या काचांवर, पुतळ्याच्या खांद्यावर, चहाच्या टपरीवर, वाहतूक पोलिसाच्या टोपीवर!

बाईंनी वाहतूक थांबवली. हो, बाईंनीच. हात वर करून त्या चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि एक बस, तीन ट्रक आणि असंख्य दुचाक्या शाळेत असल्यासारख्या गप्प उभ्या राहिल्या. मुलं वेष्टणांच्या मागे धावत सुटली. कुणी झाडावर, कुणी बसखाली. मी रिकामं पोतं हातात घेऊन मधे उभा होतो. तेवढ्यात पोलीस माझ्यापाशी आला.

"तुमचं पोतं?"

"हो, म्हणजे..."

"लाज वाटत नाही?" तो कडाडला. "चांगले शिकलेले दिसता! भर चौकात कचरा ओतता? आणि ती बघा, ती लहान लहान लेकरं! तुमचा कचरा गोळा करताहेत! त्यांच्याकडून काही शिका!"

बघ्यांनी मुलांसाठी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे बघून माना हलवल्या. बसमधल्या एका आजोबांनी खिडकीतून मला, "कलियुग, कलियुग," असं दोनदा सांगितलं. मी खुलासा करायला भिंगरीकडे पाहिलं. ती पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढली होती आणि आनंदानं ओरडत होती, "पाचशे ऐंशी! अजून वीस!"

फुटपाथवर बसून गड्ड्या पुन्हा बांधल्या. या वेळी गाठी मी मारल्या. वेळ मात्र भुर्रकन गेला. कारखान्याच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते, मुलांची तोंडं लाल झाली होती, आणि आतून भाजलेल्या बिस्किटांचा असा वास येत होता, की भोपू काही वेळ बोलायचाच बंद झाला.

"मुलांना आत सोडत नाही," रखवालदार म्हणाला. "सहल असेल तर आधी पत्र लागतं."

"सहल नाही. माल आणलाय."

"कसला माल?"

इथे माझी नजर त्याच्यामागच्या भिंतीकडे गेली. फाटकाच्या बाहेरच्या अंगाला एक छोटी खिडकी होती आणि वर पाटी: 'परत आलेला माल – खिडकी क्र. २'. एकोणीस वर्षं आवक-जावक केलेल्या माणसाला अशी पाटी दिसली की काय होतं, ते इतरांना कळायचं नाही. माझी पाठ ताठ झाली. "परत आलेला माल," मी म्हणालो. "सात पोती."

खिडकीत एक पन्नाशीच्या बाई होत्या. चष्म्याला साखळी, समोर तीन शिक्के, आणि टेबलावर एकही कागद तिरका नाही. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, चौतीस मुलांकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता एक छापील नमुना पुढे सरकवला. "भरा."

मी भरला. अक्षर काढून भरला, आणि मुलांचं पत्र त्याला जोडलं; त्याखाली चौतीस मुलांच्या आणि विज्ञानाच्या बाईंच्या सह्या होत्या, आणि हातगाड्यांबद्दल भाजीवाल्याचे आभार. 'परत करण्याचं कारण' या रकान्यात चार पर्याय होते: खराब, फुटका, मुदत संपलेला, इतर.

"इतर!" चौतीस मुलं ओरडली.

"इतर असेल तर वर्णन लागतं," बाई म्हणाल्या.

मी पेन थांबवलं. भिंगरी टाचा उंचावून खिडकीच्या कठड्याला लोंबकळली. "लिहा," ती म्हणाली, "वापरून झालं, पण संपत नाही."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "रकान्यात बसतंय," त्या म्हणाल्या.

मग मोजणी. नियमानं कुठलीही एक गड्डी काढून मोजायची. बरोबर निघाली तर माल स्वीकारायचा, नाही तर सगळा परत. बाईंनी शेवटच्या पोत्यातली एक गड्डी उचलली, नेमकी फुटपाथवर बांधलेली. त्यांचं बोट थुंकी न लावता चालत होतं. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास.

आणि बोट थांबलं.

"एकोणपन्नास," बाई म्हणाल्या. "माल स्वीकारता येणार नाही."

घड्याळात पाऊण वाजला होता. चौकात एक ससा हरवला होता, आणि त्याच्यापायी चार हजार एकशे नव्याण्णव कचरागाडीत जाणार होते. प्राध्यापिकेचे चष्म्यामागचे डोळे भरून आले. भोपूनं गुडघ्यांवर बसून जमिनीवर शोधायला सुरुवात केली. मी दोन्ही हात पसरून, जरा पुढे वाकून, त्या बाईंना काहीतरी समजावायला लागलो, आणि मागून भिंगरी किंचाळली.

"बाबा! हलू नका! तुमच्या पाठीवर!"

माझ्या सदऱ्याला, दोन खांद्यांच्या बरोबर मधोमध, घामानं एक वेष्टण चिकटलेलं होतं. चौकापासून इथवर, दीड किलोमीटर, सगळ्या जगासमोर, मी पाठीवर हसणारा ससा घेऊन चाललो होतो. सर्वांत मागे होतो ना! सांगणार कोण?

भिंगरीनं तो सोलून काढला आणि कठड्यावर ठेवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पन्नास," त्या म्हणाल्या, आणि शिक्का उचलून असा हाणला की खिडकी हादरली. 'प्राप्त'.

त्या शब्दाला मुलांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून कारखान्याचे व्यवस्थापक साहेब स्वतः धावत बाहेर आले. उंच, पांढरा कोट, डोक्यावर जाळीची टोपी. काय चाललंय ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा आवडलं नाही. पण समोर चौतीस मुलं बघून त्यांनी हसू आणलं. "वा वा! फार छान उपक्रम! आता सगळे दमला असाल," ते म्हणाले, आणि आतून खोकी मागवली. प्रत्येक मुलाच्या हातात एकेक ताजा, गरम वासाचा, क्रीमच्या बिस्किटांचा पुडा दिला. लाल-सोनेरी. वर ससा.

कुणी पुडा फोडला नाही. मुलं पुड्यांकडे बघत होती आणि साहेब मुलांकडे. विषय मिटला, आता खाऊन घरी जा, असं त्यांचा चेहरा म्हणत होता. भोपूनं पुडा नाकाशी धरला होता. मला वाटलं, झालं, एवढ्यावरच सगळं पाणी पडतंय.

"खाऊ या का?" भोपूनं आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू विचारलं.

भिंगरीनं विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं, प्राध्यापिकेकडे पाहिलं. "खाऊ या की! बिस्किटांशी आपलं भांडण थोडंच आहे?"

पुढची पाच मिनिटं फक्त कुरुमकुरुम ऐकू येत होतं. मग चौतीस मुलांनी तोंडं पुसली, वेष्टणं उलटून कण झाडले, एकावर एक नीट रचली, आणि खिडकी क्रमांक दोनसमोर रांग लावली.

"बाई," भिंगरी म्हणाली, "अजून चौतीस लिहा."

साहेबांचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. खिडकीतल्या बाईंनी दुसरा नमुना काढला आणि स्वतःच्या हातानं भरायला घेतला. "साहेब," मान वर न करता त्या म्हणाल्या, "परत आलेल्या मालाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तुम्हीच काढलेला नियम आहे."

त्या परतीच्या वाटेवर मुलं चालली नाहीत, उडाली. एका हातगाडीवर पोत्यांऐवजी भोपू बसला होता आणि पोचपावती झेंड्यासारखी फडकवत होता.

उत्तर चौदाव्या दिवशी आलं. नवं वेष्टण शोधायला वेळ लागेल, असं त्यात सरळ कबूल केलं होतं. पण शाळेच्या उपाहारगृहाला यापुढे बिस्किटं पत्र्याच्या डब्यांतून सुटी येणार होती, डबे धुऊन परत. आणि दर शनिवारी दहा ते बारा, गावातल्या कुणाचीही वेष्टणं खिडकी क्रमांक दोनवर घेतली जाणार होती. पत्र वर्गात वाचलं गेलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईसुद्धा दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पत्रात चौतीस मुलांची नावं होती, विज्ञानाच्या बाईंचं होतं, भाजीवाल्याचाही उल्लेख होता. 'जबाबदार प्रौढ व्यक्ती' कुठेच नव्हती. मी दोनदा वाचलं.

पहिल्या शनिवारी मी घरची पिशवी घेऊन साडेदहाला कारखान्यावर गेलो. जरा उशीरच झाला, पण म्हटलं, आपल्याला काय, ओळखीची खिडकी आहे. कालव्याच्या पुलावरच पाय थबकले. रांग फाटकापासून पुलापर्यंत आली होती! दूधवाला होता, आमचे सचिव होते, टपालातले गृहस्थ कानावर पेन ठेवून उभे होते. मुलं रांगेच्या दोन्ही बाजूंनी धावत होती, गड्ड्या कशा बांधायच्या ते मोठ्यांना शिकवत होती, आणि भिंगरी खिडकीपाशी गिरक्या घेत होती. मी तिच्याकडे हात हलवत सरळ पुढे निघालो.

"ओ, कुठे?" रांगेतल्या एका बाईंनी मला अडवलं.

"मी भिंगरीचा बाबा."

"असाल," त्या म्हणाल्या. "रांग मागे आहे."

मी मागे गेलो. पुलाच्या अगदी टोकाला, झाडाच्या सावलीत उभा राहिलो. पुढे दीडशे माणसं, हातात पिशवी, पुलावर ऊन, आणि मी वेड्यासारखा हसत होतो. इतकी लांब रांग बघून आनंद झालेला आमच्या खात्यातला मी पहिलाच माणूस असेन.

तेवढ्यात माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. वळून पाहिलं तर व्यवस्थापक साहेब. आज कोट नव्हता, टोपी नव्हती, हातात फुगलेली कापडी पिशवी होती आणि चेहरा जरा पडलेला.

"मुलीनं पाठवलंय," ते पिशवीकडे बघत म्हणाले. "पावती घेतल्याशिवाय घरी येऊ नका म्हणाली." मग त्यांनी माझ्या खांद्यावरून पुढे पाहिलं. "रांग हीच ना?"

"हीच," मी म्हणालो, आणि एक पाऊल पुढे सरकून त्यांना सावलीत जागा करून दिली.